मोलभाव कसा करावा? गावाकडून नेहमी येणारे प्रश्न

मी यवतमाळ जिल्ह्यातला कोरडवाहू शेतकरी. शेतीत पूर्णवेळ येण्याआधी सहा हंगाम एका अडत दुकानात दिवाणजी होतो. म्हणजे गादीच्या त्या बाजूलाही बसलो आणि या बाजूला, पोत्यांवरही. त्यामुळे पारावर, एसटीत, लग्नाच्या पंगतीत लोक मला एकच विषय काढून विचारतात. तेच ते प्रश्न इथे लिहून काढले आहेत. उत्तरं माझी आहेत, सगळ्यांना पटतीलच असं नाही.

मला चार माणसांत बोलता येत नाही. मोलभाव जमेल का?

जमेल, आणि बोलक्या माणसापेक्षा बरा जमेल. दुकानाची पायरी चढतानाच जो सुरू व्हायचा, 'शेठ, यंदा खर्च लय झाला, पाऊसही दगा देऊन गेला, पोराची फी भराची हाये', त्याचा माल कितीला सुटणार हे शेठना चहा यायच्या आत कळायचं. शेठ बिचकायचे ते एका म्हाताऱ्याला. तो यायचा, खांद्यावरचा दुपट्टा झटकून बसायचा, पाणी प्यायचा आणि विचारायचा, "काय भाव घेऊन राहिले?" आकडा ऐकला की गप्प. दोन मिनिटं, तीन मिनिटं. पंखा करकरतोय तेवढाच आवाज. शेवटी शेठच म्हणायचे, "बरं बाप्पा, पन्नास वाढवतो." म्हाताऱ्याने तोवर एक शब्द खर्च केलेला नसायचा.

हे नुसतं नाटक नव्हतं. तो सकाळी दोन दुकानं फिरून आलेला असायचा. खिशात दोन आकडे असले की गप्प बसायला जड जात नाही. नसले तर तोंड आपोआप चालू होतं.

घरून निघायच्या आधी नेमकी तयारी काय करायची?

तीन गोष्टी कागदावर लिहायच्या. हा सौदा झाला नाही तर माझी दुसरी वाट कोणती, त्या वाटेने गेलो तर हातात किती उरतात, आणि तोंडाने पहिल्यांदा किती मागायचे. सगळ्यात महत्त्वाची दुसरी गोष्ट, आणि तीच कोणी लिहीत नाही. लोक 'मला आठ हजार पाहिजेत' म्हणतात. पाहिजेत म्हणून कोणी देत नसतं.

कापसाचंच घ्या. २०२५-२६ हंगामाचा हमीभाव लांब धाग्याला ८,११० आणि मध्यम धाग्याला ७,७१० रुपये क्विंटल. समजा तुमचा लांब धाग्याचा वीस क्विंटल कापूस घरात आहे आणि खेडा खरेदीवाला दारात येऊन ७,३०० म्हणतो, वर क्विंटलमागे एक किलो कट्टी (वजनातून फुकट कापून घ्यायचा माल). म्हणजे खरे पडले ७,२२७. आता दुसरी वाट मोजा. सीसीआय, म्हणजे हमीभावाने कापूस घेणारं सरकारी महामंडळ, आठ टक्के ओलाव्याला पूर्ण भाव देते, बारा टक्क्यांपर्यंत घेते, आणि आठच्या वर प्रत्येक टक्क्याला एक टक्का भाव कापते. तुमच्या कापसात अकरा टक्के ओल निघाली तर ८,११० चे झाले ७,८६७. गाडीभाडं क्विंटलला दीडशे धरा, रांगेत गाडी अडकली तर आणखी शंभर. उरले ७,६१७. फरक क्विंटलला ३९०, वीस क्विंटलला ७,८००.

आता दारातल्या व्यापाऱ्याशी बोलताना तुमचा खालचा आकडा ७,३०० राहिला नाही. कट्टी लावणार असेल तर तो ७,७०० च्या आसपास गेला. सीसीआयला आधी मोबाइलवर नोंदणी लागते, नंबर लागायची वाट पाहावी लागते आणि पैसे खात्यात यायला दिवस जातात. दारातला माणूस नगदी मोजतो आणि झंझट वाचवतो, त्याचे शंभर-दीडशे सोडायला माझी हरकत नाही. पण ते शंभर-दीडशे तुम्ही मोजून सोडलेले असावेत. भाडं आणि कट्टी मी उदाहरणापुरती धरली आहे, तुमच्या गावची तुम्ही टाका.

आधी आकडा कोणी बोलायचा, आपण की समोरच्याने?

बाजार तुम्हाला त्याच्याइतका माहीत असेल तर तुम्ही आधी बोला. माहीत नसेल तर त्याला बोलू द्या.

पहिला आकडा खुंटीसारखा असतो, पुढचं सगळं बोलणं त्या खुंटीभोवती फिरतं. डॅनियल काहनमन आणि एमॉस ट्वर्स्की या दोघा मानसशास्त्रज्ञांनी १९७४ साली यावर एक गमतीचा प्रयोग छापला. लोकांसमोर आकड्यांचं चक्र फिरवायचं, ते मुद्दाम १० वर किंवा ६५ वर थांबायचं. मग विचारायचं, संयुक्त राष्ट्रसंघातले किती टक्के देश आफ्रिकेतले? चक्राचा आणि प्रश्नाचा काडीचा संबंध नाही. तरी १० पाहिलेल्यांचं मधलं उत्तर आलं २५, आणि ६५ पाहिलेल्यांचं ४५. शिकलेली माणसं अशी वाहवत जातात, तर पोत्यावर बसलेला माणूस जाणारच.

आपल्याकडच्या बैलबाजारातल्या दलालांना हे प्रयोगाशिवाय ठाऊक आहे. हातावर दुपट्टा टाकून खालून बोटं दाबून भाव करायची रीत तुम्ही पाहिली असेल. लोकांना ती लबाडी वाटते, आणि काही ठिकाणी असतेही. मधला दलाल विकणाऱ्याला एक आणि घेणाऱ्याला दुसराच आकडा बोटांनी सांगू शकतो. पण रीतीमागे अक्कल आहे. एका गिऱ्हाइकाने लावलेला पडका आकडा बाजूला उभ्या असलेल्या दुसऱ्याच्या कानी पडत नाही, म्हणून दुसऱ्याचा भाव कोऱ्या पाटीवर सुरू होतो. बैल घ्यायला गेलात तर सरळ म्हणा, "दुपट्टा नको भाऊ, तोंडानं बोला." विकायला गेलात तर दुपट्टा राहू द्या.

समोरच्याने अगदीच पाडून मागितलं तर?

त्याच्या आकड्यावर तुमचा आकडा लावू नका. तो पाच म्हणाला, तुम्ही नऊ म्हणालात, की 'ना तुझं ना माझं' करत मधला माणूस सातावर आणून ठेवतो. विचारा, "पाच कसे काढले, सांगा ना." ओल धरली का, माती धरली का, कोणत्या बाजाराचा भाव धरला? सांगता आलं तर तुम्हालाच काही शिकायला मिळेल. नाही आलं तर तो आकडा तो स्वतःच हळूच मागे घेतो.

भाव तर बरा मिळाला, पण चुकारा हातात आला तेव्हा पैसे कमी. हे काऊन होते?

हा माझ्या आवडीचा प्रश्न, कारण यात मी गुन्हेगार आहे. सहा हंगाम हे मी माझ्या हाताने वहीत लिहिलं.

शेतकरी भावासाठी भांडतो. भाव त्याला गावात सांगायचा असतो ना, 'मी इतक्यात देला'. म्हणून व्यापारी भावात पन्नास रुपये हसत वाढवून देतो आणि कट्टी एकाची दीड किलो करतो. साडेसात हजारांच्या मालाला अर्धा किलो म्हणजे साडेसदतीस रुपये. मग ओल दीड टक्का जास्त धरली, हमाली-तोलाई वेगळी लावली, आणि 'आजच नगदी पाहिजेत' म्हटलं तर त्याचेही थोडे कापले. भावात पन्नास जिंकलेला माणूस पट्टीवर, म्हणजे हिशोबाच्या चिठ्ठीवर, सव्वाशे हरून जातो आणि त्याला पत्ताही नसतो. पट्टी घडी करून खिशात. मी पाहत राहायचो.

म्हणून सौदा एका आकड्याचा करायचा नाही, गठ्ठ्याचा करायचा. भाव, ओलावा, कट्टी, हमाली, काटा कोणता, पैसे कधी. सहाही गोष्टी ठरल्याशिवाय 'हाव' म्हणायचं नाही. माझं तर मत असं की भाव शेवटी बोलावा. आधी विचारा, "कट्टी किती? काटा कोणता?" लोकांना वाटतं भाव ठरल्यावर बाकीचं पाहू. भाव ठरल्यावर तुमच्या हातात उरतंच काय?

ओलाव्याचं तर मापच आपल्याजवळ नसतं. हमीभावाने सोयाबीन घ्यायची अट बारा टक्के ओलाव्याची. २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये केंद्राने त्या हंगामापुरती पंधरा टक्क्यांपर्यंत सूट दिली होती. तीन टक्के हा किती मोठा फरक आहे ते यावरून समजा. दहा-बारा जणांनी मिळून ओलावा मोजायचं एक यंत्र घेतलं तर पहिल्या हंगामात फिटेल. आमच्या गटाने घेतलं आहे. त्याचा खरा उपयोग भांडताना होत नाही. माल आणखी दोन दिवस उन्हात घालायचा की आज न्यायचा, हे ठरवताना होतो.

बरं, ही मापातली कुरकुर आजची नाही. देशातली पहिली नियंत्रित बाजारपेठ आपल्याच वऱ्हाडात, कारंजा लाडला १८८६ साली सुरू झाली आणि १८९७ मध्ये वऱ्हाडासाठी कापूस आणि धान्य बाजाराचा कायदा आला. शेतकऱ्याच्या कळवळ्यापेक्षा मँचेस्टरच्या गिरण्यांना चोख कापूस मिळावा ही काळजी त्यात जास्त होती, पण काटा, वजन आणि कापाकापी हा भांडणाचा मुद्दा तेव्हाच सरकारदरबारी गेला होता.

पैशाची नड आजच असेल तर कसला मोलभाव?

खरं आहे. नडीच्या दिवशी कोणाचीच जीभ चालत नाही. तेव्हा नड लांबवता येते का एवढंच पाहायचं.

एक, सगळा माल एकदम काढू नका. हातउसने फेडायला दहा पोती लागतात तर दहाच न्या. दोन, बाजार समितीची शेतमाल तारण योजना विचारा. सोयाबीन, तूर, हरभरा यांसारखा माल गोदामात ठेवला की बाजारभावाच्या ७५ टक्क्यांपर्यंत कर्ज मिळतं, मुदत १८० दिवस, व्याज सहा टक्के. सहा महिन्यांचं व्याज लाखाला तीन हजार पडलं. दिवाळीच्या तोंडावर सगळ्यांचं सोयाबीन एकदम बाजारात उतरतं तेव्हा भाव पडलेला असतो, त्यातून सुटायला ही वाट कामाची. मात्र भाव वाढेलच असं कोणी लिहून देत नाही. मी एकदा तूर जूनपर्यंत धरून बसलो आणि आणखी पडलेल्या भावात विकली. म्हणून निम्मा विकायचा, निम्मा ठेवायचा.

तीन, आणि हे फुकट आहे: नड सांगू नका. मुलीचं लग्न, दवाखाना, सावकाराचा तगादा, काहीच नाही. त्याला दया येईल असं वाटतं. दया येतेही, पण ती भावात उतरत नाही. चहात उतरते.

संत्र्याची बाग झाडावर विकतो. इसार देऊन व्यापारी येतच नाही, काय करायचं?

वरूड, मोर्शी, काटोल, नरखेडकडून हा प्रश्न इतक्यांदा आला की पाठ झाला. अंबिया बहाराची, म्हणजे पावसाळ्यानंतर तोडणीला येणारी, बाग व्यापारी पावसाळ्यातच पाहून जातो, ठोक रक्कम ठरते, इसार हातात पडतो. मग बाजार चढला तर तो आठव्या दिवशी तोडणीची टोळी घेऊन हजर. पडला तर फोन बंद. तोवर फळगळ सुरू. माझ्या मामाची अडीचशे झाडांची बाग अशीच दिवाळीनंतर महिनाभर लटकली होती. रोज सकाळी झाडाखाली सडा. मामीने पाट्या भरभरून गुरांपुढे टाकला. व्यापारी आला तो रक्कम कमी करून मागायलाच.

चूक कुठे झाली? मामाने रक्कम घासून घासून वाढवली, इसार मात्र देतो तेवढा घेतला. ठोक रक्कम पाच-दहा हजारांनी कमी आली तरी चालेल, पण इसार एवढा पाहिजे की तो सोडून पळताना त्याला दुखलं पाहिजे. त्याच बैठकीत या गोष्टीही बोलून घ्या. तोडणी कोणत्या तारखेपर्यंत, तारीख उलटली तर दुसरा हप्ता किती आणि कधी, त्यानंतरची गळ कोणाची, गारपीट झाली तर काय, बाग पूर्ण तोडायची की मोठं फळ घेऊन बारीक तुमच्या गळ्यात. मोजून देत असाल तर शेकड्यामागे वर किती फळं टाकायची तेही आधीच, कारण तोडणीच्या दिवशी रीत अचानक बदलते.

आणि लिहून घ्या. १८७२ च्या करार कायद्याप्रमाणे तोंडी करारही करारच आहे, पण सिद्ध कसा करणार? साधा कागद, दोघांच्या सह्या, दोन साक्षीदार, इसार शक्यतो खात्यावर. कागदाला नाही म्हणाला तर निदान त्याच्या मोबाइलवर सगळं लिहून पाठवा आणि उत्तरात 'हो' मागा. 'आमच्यात विश्वास नाही का भाऊ' असं तो म्हणेल. म्हणा, "विश्वास हाये म्हणूनच लिहून राहिलो, तुमच्या टोळीच्या मुकादमाले काय माहीत आपलं काय ठरलं ते."

आम्ही वेचणीला जाणाऱ्या बाया आहोत. दरवेळी शेतकरीच दर ठरवते. आम्ही कसं बोलावं?

हा प्रश्न एका काकूंनी विचारला तेव्हा मी जरा गडबडलो, कारण त्या माझ्याच शेतात वेचणीला येतात. तरी सांगतो.

पहिली गोष्ट, शेताच्या धुऱ्यावर पोचल्यावर दर बोलू नका. तिथे तुमचा दिवस मोडलेला असतो, ऑटोचं भाडं लागलेलं असतं. आदल्या संध्याकाळी घरी बोलणी झाली पाहिजे. दुसरी, एकीने सगळ्यांच्या वतीने बोलायचं आणि बाकीच्यांनी मधे 'जाऊ दे ना माय' म्हणायचं नाही. तिसरी सगळ्यात कामाची. पहिल्या वेचणीला बोंडं भरलेली असतात, दिवसाला किलो जास्त निघतात. तिसऱ्या वेचणीला, फरदडीला (हंगाम संपल्यावरही शेतात ठेवलेल्या कापसाला) तर आणखीच, तेवढीच कंबर मोडून किलो कमी भरतात. म्हणून हंगामाचा एकच दर कबूल करू नका. 'पहिलीले हा दर, तिसरीले हा' असं आधीच ठरवा. शेतकऱ्याला हे कळतं, तो नुसता तुमच्याकडून विषय निघायची वाट पाहतो. नाही निघाला तर बरंच.

चौथी, काटा. मिठाचे एक-एक किलोचे पाच पुडे सोबत न्या आणि वजनाआधी हुकाला लावून बघा. कोणाला चोर म्हणायची गरज नाही. 'पाहू दे भाऊ, बरोबर दाखवते का' एवढंच.

यंदा आमच्याकडे ऑटोचं भाडं माझ्या अंगावर आलं आहे, हेही सांगून ठेवतो.

नात्यातल्या माणसाशी भाव कसा करायचा? साळ्याचा ट्रॅक्टर आहे, पैसे विचारले तर 'देजा काही' म्हणतो.

'देजा काही' हा जगातला सगळ्यात महाग दर आहे. तुम्ही कमी दिले तर तो बहिणीजवळ बोलेल, जास्त दिले तर तुम्ही बायकोजवळ. भीड ही भिकेची बहीण म्हणतात ते दोघांनाही लागू. नांगरटीच्या आधी म्हणा, "गावात एकरी जो दर चालू हाये तोच, डिझेल वाढलं तर सांगजो." त्याला सवलत द्यायची असेल तर तो त्याच्या तोंडाने देईल आणि ती सगळ्यांच्या लक्षात राहील. शेत मक्त्याने (ठोक रकमेवर) किंवा बटईने (पिकाच्या वाट्यावर) भावकीत देता-घेता तेव्हाही तसंच. पाडव्याला साल ठरतं त्याच दिवशी बियाणं कोणाचं, खत कोणाचं, विम्याचे पैसे आले तर कोणाचे, हे बोलून घ्या. विम्याचं कोणीच बोलत नाही आणि भांडणं नेमकी त्यावरच होतात.

बैठकीत देण्याघेण्याचं बोलणं निघते. तिथे मोलभाव कसा करावा?

हुंड्याचा मोलभाव नसतो. १९६१ पासून तो गुन्हा आहे, मागणाऱ्यालाही आणि देणाऱ्यालाही. आकडा निघाला की उठा. राहिलं पाहुणे किती, जेवण कोणाकडे, मांडव कोणाचा. हे बापाने बोलू नये, मामाला नाहीतर गावातल्या एखाद्या शांत माणसाला बोलू द्यावं. बापाचा चेहरा सगळं सांगून टाकतो.

आठवडी बाजारात घासाघीस करावी का?

करा, गंमत म्हणून. भाव पाडण्यापेक्षा 'वर टाका' म्हणा, विकणारीलाही ते सोपं जातं. बोहनीच्या वेळी फार ताणू नका. आणि संध्याकाळी शेवटच्या एसटीच्या आधी भाजी आपोआप उतरते, त्यासाठी जीभ लागत नाही, थांबावं लागतं.

ट्रॅक्टर किंवा मोटारसायकल हप्त्यावर घ्यायची आहे. शोरूममध्ये काय बोलायचं?

'महिन्याला किती बसते?' हा प्रश्न विचारूच नका. तो विचारला की विकणारा हप्ता कमी करतो आणि महिने वाढवतो. तुम्ही खूश, तोही खूश. आधी गाडीची रस्त्यावर आणेपर्यंतची पूर्ण किंमत ठरवा, विमा आणि नोंदणीसकट, जणू तुम्ही नगदी घेताय. ती ठरल्यावर कर्जाचा विषय काढा, आणि तो वेगळा सौदा समजा.

व्याजात एक गोम आहे. 'फक्त आठ टक्के' म्हणतात तेव्हा विचारा, सपाट दराने की घटत्या शिलकीवर? एक लाख, तीन वर्षं, सपाट आठ टक्के म्हणजे २४,००० व्याज, हप्ता साधारण ३,४४४. पण दर महिन्याला मुद्दल फिटत जातं आणि व्याज मात्र पूर्ण लाखावर चालू राहतं. घटत्या शिलकीच्या हिशोबाने हाच दर साडेचौदा टक्क्यांच्या आसपास जातो. म्हणजे बँकेचे बारा टक्के त्या आठांपेक्षा स्वस्त. हे शोरूममधल्या पोराला विचारलं तर तो आत साहेबाला विचारून येतो म्हणतो. येऊ द्या.

बँकेत मोलभाव चालतो का? साहेब म्हणतात तेच खरं ना?

व्याजदर तुमच्या-माझ्यासाठी हलत नाही. पण अटी माहीत असल्या की बोलणं बदलतं. शेतीकर्जाला १ जानेवारी २०२५ पासून दोन लाखांपर्यंत तारण लागत नाही, आधी ही मर्यादा १.६ लाख होती. दीड लाखाच्या पीककर्जाला कोणी जमीन गहाण करायला सांगितलं तर भांडू नका. शांतपणे म्हणा, "साहेब, हे लागते असं लेखी देता का?" या एका वाक्याने मी दोनदा काम झालेलं पाहिलं आहे.

एकट्याचं कोण ऐकतं? गाव मिळून सौदा करता येतो का?

येतो, आणि याचं देशाने पाहावं असं उदाहरण आपल्या गडचिरोलीत आहे. धानोरा तालुक्यातलं मेंढा-लेखा. वनहक्क कायद्याखाली २००९ मध्ये गावाला सामूहिक वनहक्क मिळाला. पण बांबू विकायचा तर वाहतुकीचा परवाना वनखात्याच्या हातात. हक्क आहे, माल आहे, आणि गाडी हलत नाही. गावाने वाद लावून धरला, आणि एप्रिल २०११ मध्ये परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती आलं. मग ग्रामसभेने स्वतः निविदा काढून बांबू विकला.

त्यांच्याकडून शिकायची गोष्ट जिद्दीची नाही, ती सगळेच सांगतात. मेंढ्यात निर्णय बहुमताने होत नाही, सर्वसहमतीने होतो. अभ्यासगट बसतो, कायदा वाचतो, मग ग्रामसभेत बोलणं होतं. एकाचाही विरोध असेल तर थांबतात. फार वेळ लागतो यात. पण सौद्याच्या दृष्टीने बघा: समोरच्या ठेकेदाराला फोडायला माणूसच सापडत नाही. आपल्या गटांचं काय होतं? पंचवीस जण ठरवतात, चार दिवसांनी त्यातलेच दोघं मागच्या दाराने माल देऊन येतात, कारण त्यांना ठराव पटलेलाच नव्हता, हात नुसता वर केला होता.

गडचिरोली-गोंदियातल्या कितीतरी ग्रामसभा आता तेंदूपानाचा लिलावही स्वतः करतात. तिथेही भावाइतकीच दुसरी अट महत्त्वाची, आधीचा हप्ता आल्याशिवाय गोदामातून पोती हलणार नाहीत. भाव कागदावर असतो, पोती कुलपात असतात. कुलपाची किल्ली आपल्याकडे असेपर्यंतच आपलं कोणी ऐकतं.

राग येतो, आवाज चढतो, मग सौदा बिघडतो.

लघवीला जा. खरंच. कोणी अडवत नाही आणि पाच मिनिटं मिळतात.

माल गाडीतून नेल्यावर परत आणणं परवडत नाही, हे व्यापाऱ्याला ठाऊक असतं. तिथे काय करायचं?

तिथे काहीच नाही. गाडी आवारात शिरली की तुमची दुसरी वाट बंद झाली, भाडं अंगावर आलं. जे करायचं ते आदल्या दिवशी. पिशवीत दोन किलो नमुना घेऊन मोटारसायकलवर या. चार दुकानं फिरा, हर्रास, म्हणजे लिलाव, कितीवर सुटून राहिला ते उभं राहून पाहा. बाजार समितीच्या आवारात विकलेल्या मालाचा चुकारा त्याच दिवशी मिळायला पाहिजे असा नियम आहे, तो कोण पाळतो हे त्याच फेरीत चार शेतकऱ्यांना विचारा. मग गाडी भरा. पेट्रोलचे दोनशे रुपये जातील. नमुना मात्र वरवरचा चांगला चांगला आणू नका, पोत्याच्या मधला आणा. एकदा फसवलेल्या व्यापाऱ्याला तुमचं नाव पक्कं पाठ होतं.

'नाही जमत' म्हणून उठून आलो. आता वाटतं तोच भाव बरा होता. परत कसं जायचं?

चपला घालून. यात कमीपणा कसला? लोक उठताना शब्द टाकून येतात, 'तुमच्या दुकानाची पायरी चढणार नाही', म्हणून परत जाता येत नाही. उठताना म्हणा, "आज नाई जमत शेठ, पाहतो." बस. दार उघडं राहतं.

आमच्या दुकानात असा कोणी उठून गेला की मी वहीतलं त्याचं नाव खोडायला जायचो. शेठ म्हणायचे, "राहू दे रे, गुरुवारी येते तो." बहुतेक यायचा. आणि आला की शेठ आधी चहा सांगायचे, मग मला हळूच डोळ्याने खुणवायचे, जुन्या आकड्यात पंचवीस वाढवून लिही म्हणून. तो दोन ठिकाणी फिरून आलाय, हे त्यांना कळलेलं असायचं.